कोचचा फोन येत नाही, म्हणून…

एका आईचं पत्र, थोडक्यात: आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मुलगा अकरावीत आहे, २०२७ च्या बॅचचा. उंची सहा फूट, बास्केटबॉलमध्ये गार्ड (चेंडू हाताळणारा, बाहेरून खेळणारा खेळाडू) म्हणून खेळतो. यंदा शाळेच्या व्हर्सिटी, म्हणजे मुख्य, संघात निम्मे सामने पहिल्या पाचात होता, बाकी वेळ बेंचवरून उतरला. जीपीए (शाळेच्या मार्कांची सरासरी) ३.८. तीन वर्षं आम्ही शाळेबाहेरच्या स्पर्धा खेळणाऱ्या एएयू क्लबची फी, हॉटेलं, गाडीचा गॅस यावर पाण्यासारखा पैसा ओतलाय. आम्ही व्हिडिओ करून चार कोचना मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. आजपर्यंत आम्हाला एकही ऑफर नाही. उशीर झाला का? एक रिक्रूटिंग कंपनी चार हजार डॉलर मागतेय, भरावेत का? दोन कॉलेजांकडून कॅम्पची निमंत्रणं आलीत, म्हणजे त्यांना तो हवाय का? आणि मिस्टर म्हणतात, छोट्या कॉलेजात खेळायला स्कॉलरशिपच नसेल तर बास्केटबॉल बंद कर आणि त्याला एसएटीला बसव. आम्ही करावं काय?

उत्तर:

तुमच्या पत्रात मुलापेक्षा ‘आम्ही’ जास्त वेळा भेटतो. बोल लावण्यासाठी हे म्हणत नाही. ‘यंदा आमची बारावी आहे’ असं सांगणारी आई बारावीच्या मुलापेक्षा जास्त दमलेली असते, हे आपल्या घराघरांत पाहिलेलं आहे. पण छोट्या कॉलेजच्या कोचला आईकडून मेल आला, की त्याच्या मनात पहिली शंका येते ती मुलाला स्वतःला खेळायचंय की नाही, ही. चार मेल अनुत्तरित राहण्याचं एक कारण तिथेच असू शकतं. त्याकडे येतेच. आधी उशिराबद्दल.

उशीर झालेला नाही. तुम्ही घड्याळ डिव्हिजन वनचं, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीचं, लावलंय, म्हणून तसं वाटतं. तिथे दहावीतल्या मुलांवर नजर असते आणि पोरं इन्स्टाग्रामवर ऑफर जाहीर करत असतात. डिव्हिजन थ्रीत, म्हणजे जिथे बहुतेक छोटी कॉलेजं खेळतात तिथे, कोचचा स्वतःचा मोसम फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतो आणि त्यानंतर तो अकरावीच्या मुलांकडे नीट बघायला लागतो. एप्रिलमध्ये त्याच्या यादीत शंभरावर नावं असतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात ती आटत जातात. त्यातली वरची बरीच मुलं स्कॉलरशिपच्या आशेवर डिव्हिजन वन आणि टूच्या कोचकडे डोळे लावून बसलेली असतात, त्यामुळे काही जागा बारावीच्या मार्च-एप्रिलपर्यंतही मोकळ्या राहतात. तुमचा मुलगा आत्ता बरोबर वेळेवर आहे. फक्त त्या यादीत त्याचं नाव अजून शिरलेलं नाही.

दुसरा घोळ ‘ऑफर’ या शब्दाचा आहे. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही, हा एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचा नियम आहे. त्यामुळे पैशाची ऑफर इथे नसतेच. शाळेत टेबलाशी बसून सही करतानाचे जे फोटो दिसतात, त्यात डिव्हिजन थ्रीच्या मुलासमोर असतो तो एक समारंभाचा फॉर्म. तो ना मुलाला बांधतो, ना कॉलेजला. कोचच्या हातात दोनच गोष्टी असतात: संघातली जागा, आणि ॲडमिशन ऑफिसकडे टाकलेला शब्द.

या शब्दाला किती वजन, ते कॉलेजगणिक बदलतं. विल्यम्स, ॲमहर्स्ट, टफ्ट्स ज्या नेस्कॅक गटात खेळतात, तिथे प्रत्येक संघाला ठरावीक मुलांमागे जोर लावता येतो, आणि मुलाचे मार्क त्या कॉलेजच्या पट्ट्यात बसत असतील तर त्या जोराने खरोखर दार उघडतं. एमआयटीत कोच शिफारस करू शकतो, पण राखीव जागा अशा नसतात. कॅलटेकचं तर सांगायलाच नको. त्यांच्या पुरुष संघाने आपल्या गटातले सलग ३१० सामने हरल्यावर २०११ साली एक जिंकला, ऑक्सिडेंटलविरुद्ध ४६-४५ असा, आणि एवढ्या वर्षांत खेळाडूंसाठी प्रवेशाची पायरी खाली आली नव्हती. उलट जी कॉलेजं अर्ज करणाऱ्या बहुतेकांना घेतात, तिथे ॲडमिशनसाठी कोचच्या शब्दाची गरजच नसते. त्याच्याकडून हवी असते ती संघातली जागा.

आपल्या डोक्यात पुण्या-मुंबईचा स्पोर्ट्स कोटा असतो, दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण असतात. सर्टिफिकेटं जमवायची, फाइल लावायची, त्यावर गुण मिळवायचे. इथे सर्टिफिकेटं कोणी मोजत नाही. कोचच्या संघातून यंदा दोन गार्ड बाहेर पडतायत आणि त्याला तीनच्या रेषेबाहेरून शूट करणारा, चेंडू न हरवणारा एक गार्ड हवाय, एवढाच हिशोब असतो. तुमच्या मुलाहून सरस खेळाडूला एखादं कॉलेज नाही म्हणेल आणि तुमच्या मुलाला हो म्हणेल, ते या गरजेमुळे.

आता मिस्टरांचा प्रश्न. तो रागाने विचारलेला असला तरी चुकीचा नाही. नामांकित खाजगी छोट्या कॉलेजांचा वर्षाचा छापील खर्च आज ८०,००० डॉलरच्या पुढे गेलाय. हा आकडा कमी होण्याचे मार्ग दोन: कुटुंबाची गरज आणि मुलाची शैक्षणिक गुणवत्ता. विल्यम्स, ॲमहर्स्ट, हॅव्हरफोर्ड गुणवत्तेवर पैसे देत नाहीत, फक्त गरज बघतात. दोन पगारांच्या घराला तिथे बहुधा फारसं काही मिळत नाही. ड्रू, अर्सायनस, म्यूलनबर्ग यांसारखी कॉलेजं मेरिट मदत देतात आणि ती जीपीए व घेतलेल्या विषयांच्या काठिण्यावरून ठरते. टीसीएनजे, रोवन, माँटक्लेअर स्टेट ही राज्याची कॉलेजं डिव्हिजन थ्रीतच खेळतात, आणि न्यू जर्सीच्या रहिवाशाला मुळातच स्वस्त पडतात.

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतं, ते ठेवणं त्यांना कायद्याने भाग आहे. गेल्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-टू (पगाराचा दाखला) आणि बचतीचे आकडे घेऊन दोघांनी एका रविवारी बसा आणि दहा कॉलेजांचं गणित करून टाका. प्रत्येकाला वीसेक मिनिटं लागतात. वर्षाला किती झेपेल तो आकडा मुलाला स्पष्ट सांगा, आत्ता, एप्रिलमध्ये. ऑक्टोबरमध्ये एका कोचच्या प्रेमात पडलेल्या मुलाला ‘एवढे नाही जमणार’ सांगणं फार अवघड जातं.

यातून एक गोष्ट आपोआप सुटते. एसएटी की बास्केटबॉल, असा सामना इथे नाहीच. डिव्हिजन थ्रीच्या कोचची पहिली चाळणी ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकाची, असते, कारण जो मुलगा ॲडमिशनमधून पार होणार नाही त्याचा व्हिडिओ बघण्यात त्याला वेळ घालवायचा नसतो. ३.८ मध्ये एपी आणि ऑनर्सचे, म्हणजे वरच्या पातळीचे, विषय असतील तर तुमच्या मुलाचं सगळ्यात मोठं भांडवल ते आहे, शूटिंग त्याच्यानंतर.

यादीपासून सुरुवात करू. ‘छोटं कॉलेज’ या शब्दाने फसू नका: एनवाययू, कार्नेगी मेलन, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो, एमरी ही सगळी बास्केटबॉलला डिव्हिजन थ्री आहेत, आणि एनवाययू तर छोटं म्हणण्याच्या पलीकडचं आहे. खेळाचा दर्जाही चेष्टेचा नाही. विल्यम्समध्ये पहिलं वर्ष खेळलेला डंकन रॉबिन्सन पुढे मिशिगनला गेला आणि तिथून मायामी हीटमध्ये पोचला. तो अपवाद आहे हे खरं. पण बेंचवर बसणारी मुलंही आपापल्या शाळेत पहिल्या पाचातली असतात, हा नियम आहे.

आधी विषय बघा. आपल्या घरांत इंजिनीअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स हे उत्तर बहुधा ठरलेलं असतं, आणि अनेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत इंजिनीअरिंगच नसतं. इंजिनीअरिंगही हवं आणि डिव्हिजन थ्रीही हवं तर स्टीव्हन्स, आरपीआय, डब्ल्यूपीआय, रोझ-हलमन, कार्नेगी मेलन, स्वार्थमोर, टीसीएनजे, रोवन अशी नावं निघतात. विषय, खर्च आणि अंतर या तीन चाळण्या लावून तीस कॉलेजं उरू द्या.

मग प्रत्येकाचं रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, उघडा. संघात किती मुलं आहेत ते मोजा. पंधरा-सोळा म्हणजे आटोपशीर. पंचवीस-अठ्ठावीस म्हणजे ज्युनिअर व्हर्सिटी, म्हणजे दुय्यम, संघही आहे आणि बरीच मुलं त्यातच राहणार. गार्ड किती, त्यातले २०२७ च्या उन्हाळ्यापर्यंत किती बाहेर पडणार, हे वहीत लिहा. गेल्या तीन वर्षांची जुनी रोस्टरंही संकेतस्थळावर असतात. तीन वर्षांपूर्वी आलेल्या नऊ मुलांपैकी आज दोनच दिसत असतील, तर तो कोच भरपूर मुलं गोळा करतो आणि मग त्यांना गळू देतो. असं का होतं तेही समजून घ्या. फीवर चालणाऱ्या काही कॉलेजांना खेळाडू म्हणजे भरलेली सीट असते, आणि कोचला दर वर्षी किती मुलं आणायची याचा आकडाच दिलेला असतो. तिथला उत्साह खरा असतो, पण तो तुमच्या मुलाच्या जंप शॉटविषयी असेलच असं नाही. कॉलेजची तब्येतही बघा. फिलाडेल्फियाजवळचं कॅब्रिनी २०१२ मध्ये पुरुषांच्या डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलं होतं. २०२४ मध्ये ते विद्यापीठच बंद झालं.

दर्जाचा अंदाज घ्यायला एक साधी युक्ती आहे. या गटांचे बहुतेक सामने इंटरनेटवर दिसतात, जुनेही मिळतात. मुलाला सांगा, स्टारकडे बघू नकोस. बेंचवरून सातवा-आठवा उतरणारा गार्ड शोध आणि दहा मिनिटं फक्त त्याला बघ. याला मी अडवू शकेन का? याने अंगावर दाब टाकला तर चेंडू पलीकडे नेऊ शकेन का? तो स्वतःशी खोटं बोलणार नाही, या वयाची मुलं याबाबतीत आपल्याहून जास्त प्रामाणिक असतात.

व्हिडिओ हा प्रकार बहुतेक घरांत चुकतो. तीन मिनिटं पुरेत, चार म्हणजे फार. पहिल्या पडद्यावर नाव, बॅच, उंची, जीपीए, शाळा, फोन. उंची बूट काढून मोजलेली लिहा. सहाचे सहा-दोन केलेत तर कोच पहिल्या भेटीत ओळखतो आणि मग जीपीएवरही त्याचा विश्वास बसत नाही. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला मुलाभोवती गोल किंवा बाण, नाहीतर पाच पांढऱ्या जर्सींत त्याला शोधायचं कोणी? पहिले पाच-सहा तुकडे सगळ्यात चांगले, कारण अनेक कोच तिथेच ठरवतात. सगळे तीनचे बास्केट एकामागोमाग लावू नका. सहा फुटी गार्डमध्ये कोच शोधतो ते असं: पिक अँड रोलमध्ये दोघे अंगावर आल्यावर तो योग्य माणसाला पास देतो का, समोरच्या गार्डच्या पुढे पाय हलवत राहतो का, शॉट चुकल्यावर मागे धावतो का. बचावाचे चार-पाच तुकडे हवेतच. संगीत नको, स्लो मोशन तर नकोच नको. आणि खाली दोन पूर्ण सामन्यांची लिंक द्या. त्यातला एक असा, ज्यात तो बराच वेळ खेळला पण संघ हरला. तीन मिनिटांत कोणीही चांगला दिसतो, म्हणून ज्याला मुलगा खरोखर हवाय तो कोच पूर्ण सामना मागतोच.

आता मेल. मुलाने स्वतःच्या पत्त्यावरून, स्वतःच्या शब्दांत लिहायचा. आधी कॉलेजच्या संकेतस्थळावरचा रिक्रूटिंगचा फॉर्म भरायचा, म्हणजे नाव त्यांच्या यंत्रणेत जातं. मग मुख्य कोच आणि असिस्टंट, दोघांनाही मेल, कारण मुलं शोधण्याचं काम बहुधा असिस्टंटच करतो. विषयाच्या ओळीतच सगळं यायला हवं: ‘२०२७ गार्ड, ६ फूट, जीपीए ३.८, न्यू जर्सी’. आत सातआठ वाक्यं पुरतात. साधारण असं, अर्थात इंग्रजीत: ‘मी अमुक शाळेचा अकरावीतला गार्ड. तुमच्याकडे मेकॅनिकल इंजिनीअरिंग आहे म्हणून मी कॉलेज बघतोय. अमुक संघाविरुद्धचा तुमचा सामना पाहिला. तुमचे गार्ड बचावात पूर्ण कोर्टभर दाब टाकतात, मला तसं खेळायला आवडतं. व्हिडिओ आणि दोन पूर्ण सामने खाली आहेत. उन्हाळ्यातलं वेळापत्रक, क्लबचं नाव आणि माझा जर्सी क्रमांक जोडलाय. २०२७ साठी तुम्ही गार्ड शोधताय का?’ शेवटचा प्रश्न सोडू नका, त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं म्हणून ते येतं. दोन आठवड्यांत काही आलं नाही तर एक आठवण. त्यानंतर नवीन काही सांगण्यासारखं असेल तेव्हाच: मार्क आले, नवा व्हिडिओ झाला, स्पर्धेचं कोर्ट ठरलं. डिव्हिजन थ्रीचे कोच कधीही मेल, मेसेज, फोन करू शकतात, नियमाची आडकाठी नाही. त्यामुळे सतत शांतता असेल तर ते उत्तरच समजा आणि यादीतलं पुढचं नाव घ्या. चार मेल म्हणजे काहीच नाही. तीस पाठवले तर आठ-दहा उत्तरं आली तरी काम होतं.

चार हजार डॉलर भरू नका. या कंपन्या मुलाचं पान तयार करून शेकडो कोचना एकसारखे मेल सोडतात, आणि कोच ते साचे ओळखतात. त्या पैशात दहा कॉलेजं गाडीने बघून होतील.

कॅम्पची निमंत्रणं बहुतेक सरसकट गेलेली असतात. कॅम्पच्या फीतून असिस्टंट कोचचा उन्हाळ्यातला पगार निघतो, यात लबाडी काही नाही. पारखायचं असेल तर मुलाने उलट लिहावं: माझा व्हिडिओ पाहिलात का, २०२७ चे गार्ड किती घेणार? ‘तुझा डावीकडून आत घुसून केलेला पास आवडला’ असं उत्तर आलं तर जा. पुन्हा तीच जाहिरात आली तर जाऊ नका. सगळ्या उन्हाळ्यात दोन, फार तर तीन कॅम्प. यादीतल्या पाच-सहा कॉलेजांचे कोच एकाच ठिकाणी येतात असा अभ्यासू मुलांचा कॅम्प असेल, तर तो एकाच कॉलेजच्या कॅम्पपेक्षा बहुधा जास्त उपयोगी पडतो.

एएयूत तुमचा मुलगा किती मिनिटं खेळतो, हे पत्रात नाही, आणि मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. नावाजलेल्या क्लबमध्ये नववा खेळाडू असण्यापेक्षा साध्या क्लबमध्ये चेंडू हातात असलेला गार्ड असणं या कामासाठी चांगलं. डिव्हिजन थ्रीच्या कोचचं बजेट तुटपुंजं असतं, ते तीन-चार तासांच्या अंतरातल्या स्पर्धांना गाडी घेऊन येतात. आठवडाभर आधी वेळ, जिम आणि कोर्ट क्रमांक कळवा. सामन्याच्या वेळी तुम्ही स्टँडमध्ये काय बोलता, पंचांवर ओरडता का, हेही ते ऐकतात. मुलगा बेंचवर बसल्यावर त्याचं तोंड कसं असतं, ते तर नक्कीच बघतात.

जून अखेरीस अकरावीचे मार्क लागले, की खरा खेळ सुरू होतो. ज्या कोचला मुलगा हवासा वाटतो तो ट्रान्सक्रिप्ट मागतो. इतकी गोड पत्रं, मेसेज, हसरे चेहरे, सगळं एकीकडे ठेवा आणि ट्रान्सक्रिप्ट कोणी मागितलं ते बघा. पुढची पायरी ‘प्री-रीड’ची. कोच ते कागद ॲडमिशन ऑफिसकडे देतो आणि हा मुलगा आत येऊ शकेल का, याचा आगाऊ अंदाज घेतो. त्यासाठी अकरावीपर्यंतचं ट्रान्सक्रिप्ट, बारावीच्या विषयांची यादी, शाळेचं प्रोफाइल आणि असतील तर एसएटीचे मार्क लागतात. जून संपण्याआधी शाळेच्या काउन्सेलरकडून हे काढून ठेवा, जुलैमध्ये शाळेत कोणी भेटत नाही. उत्तर साधारण हिरवा, पिवळा, लाल अशा स्वरूपात येतं. हिरवा म्हणजेही प्रवेश नव्हे, आणि बारावीत बी-सी आले तर हिरव्याचा लाल होतो. त्याच वेळी आर्थिक मदतीचाही आगाऊ अंदाज मागा, बरीच कॉलेजं देतात. हा प्रश्न मदत कार्यालयाला विचारायचा. डिव्हिजन थ्रीत कोचला पैशाच्या पाकिटात हात घालता येत नाही, आणि ‘मी बघतो’ असं एखादा म्हणाला तर सावध व्हा.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुलाने तीन गोष्टी तोंडाने विचारायला हव्यात, आणि आपल्या मुलांना नेमकं हेच जड जातं, मोठ्यांना असं थेट कसं विचारायचं म्हणून. तुमच्या २०२७ च्या गार्डांच्या यादीत मी कितवा? मी अर्ली डिसिजनने (ईडी, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असा बांधील, लवकरचा अर्ज) अर्ज केला तर ॲडमिशनमध्ये तुम्ही मला पाठिंबा देणार का? आणि आत आलो तर संघातली जागा नक्की आहे, की ऑक्टोबरमध्ये ट्रायआउट द्यावी लागेल? उत्तरातले शब्द नीट ऐका. ‘तुझ्यासारखा मुलगा आम्हाला आवडेल’ हा पाठिंबा नाही. ‘अर्ज कर, मग बघू’ म्हणजे यादीच्या तळाशी. ‘तुझी प्री-रीड चांगली आली, तू ईडी केलीस तर तू आमच्या पाठिंब्याच्या मुलांपैकी एक आहेस’ हे खरं वाक्य. सगळ्यात वाईट फसगत इथेच होते: मुलगा गोड बोलण्यावर बांधील अर्ज करतो, स्वतःच्या मार्कांवर आत जातो आणि शरद ऋतूत कळतं की संघात जागा कधी नव्हतीच.

अर्ली डिसिजन एकाच कॉलेजला, तारीख बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर, आणि तो बांधील असतो. मदत खरोखरच अपुरी आली तर सुटका मागता येते, पण डिसेंबरच्या मध्यावर तो वाद घालण्याची पाळी येऊ नये, म्हणून आधीचं गणित. मेरिट मदत देणाऱ्या कॉलेजांबाबत माझं मत असं, की दोन-तीन ठिकाणच्या मदतीची तुलना करायची असेल तर ईडी करूच नये. कोचला तसं सांगावं. तो कदाचित दुसऱ्या मुलाकडे वळेल. तो धोका पत्करण्यासारखा आहे की नाही, हे तुमच्या कॅल्क्युलेटरचे आकडे सांगतील.

बाकीचे मार्ग थोडक्यात. न्यू जर्सीतली कॉल्डवेल, फेलिशियन ही डिव्हिजन टू. तिथे स्कॉलरशिप असते, पण ती साधारण पंधरा जणांत वाटून जाते आणि पूर्ण क्वचितच मिळते. एनएआयए या दुसऱ्या, छोट्या क्रीडा संघटनेची कॉलेजंही पैसे देतात, ती मुख्यतः मिडवेस्ट आणि दक्षिणेत. निम्मे सामने बेंचवरून खेळलेल्या गार्डला तिथे आशा धरण्यापेक्षा कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं कमी खर्चात, भरपूर मिनिटं खेळून राज्याच्या डिव्हिजन थ्रीत जाणं जास्त व्यवहार्य आहे. बोर्डिंग शाळेत तेरावं वर्ष काढायचा सल्ला कोणी दिला तर त्या वर्षाची फी कॉलेजइतकीच असते हे लक्षात ठेवा. आणि रटगर्ससारख्या मोठ्या ठिकाणी शिकून क्लब किंवा हौशी लीगमध्ये खेळणं, हाही पराभव नाही. मुलाला खेळ आवडतो की संघात असणं आवडतं, हे त्याला एकदा विचारून बघा, उत्तर तुम्हाला वाटतं तेच येईल असं नाही.

पुणे-नागपूरहून हे वाचणाऱ्यांसाठी एवढंच: परदेशी विद्यार्थ्याला डिव्हिजन थ्रीतही एनसीएएकडून हौशी खेळाडू असल्याचं प्रमाणपत्र लागतं. गावोगावच्या रोख बक्षिसांच्या स्पर्धा खेळला असाल तर कधी, किती, कोणाकडून याची नोंद ठेवा आणि काही लपवू नका. कोच तुम्हाला कोर्टवर पाहू शकत नाही, तेव्हा पूर्ण सामन्यांचे व्हिडिओ दोनऐवजी चार द्या. आणि परदेशी मुलांना गरजेवर मदत देणारी कॉलेजं थोडी असतात, म्हणून कोचला लिहिण्याआधी तेवढं तपासा.

तुमच्या मुलाचं काम या आठवड्यात दोनच गोष्टींचं आहे: तीसची यादी आणि पहिले पाच मेल. तुमच्याकडे आणि मिस्टरांकडे कॅल्क्युलेटर. सप्टेंबरमध्ये एखाद्या कॉलेजने रात्रभर राहायला बोलावलं, तर मुलाला सांगा, कोच सोबत नसताना मेसमध्ये तिसऱ्या वर्षाच्या अशा खेळाडूशेजारी बस, ज्याला फारशी मिनिटं मिळत नाहीत. त्याला विचार, तुझ्याबरोबर किती जण आले होते, आणि आज संघात किती आहेत.